५० किलो कापड आणि अडलेलं कटिंग टेबल: एका शिवणखोलीचा प्रकरण अभ्यास

खोली ३ मीटर बाय २.७ मीटरची. कटिंगसाठी १५० बाय ७५ सेंटिमीटरचं टेबल आहे, पण त्यावर कापडांचे गठ्ठे, लोकरीच्या पिशव्या आणि फॅब्रिक पेंटचे डबे रचलेले. त्यामुळे कापड जमिनीवर अंथरून कापावं लागतं. जमिनीवर कापड सरकतं, गुडघ्यावर बसून कात्री सरळ चालत नाही, उभा धागा तिरका जातो आणि मग धुतल्यावर बाही पिळवटते. या प्रकरणात पसाऱ्याचा खरा तोटा हाच होता. खोली वाईट दिसत होती हे दुय्यम. तिच्यामुळे शिवण बिघडत होती.

प्रकरण नमुना म्हणून मांडलं आहे. सगळे आकडे एकाच खोलीचे धरले आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला हिशोब पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासता येईल. शिवणाऱ्या बाई घरच्यासाठी शिवतात: स्वतःचे आणि मुलांचे कपडे, उशांचे अभ्रे, पिशव्या. मध्ये भरतकाम, क्रोशे, कापडावरचं रंगकाम असे छंद येऊन गेले. प्रत्येक छंदाचं सामान राहिलं. एक जुनं शिलाई मशीन कपाटाखाली पडून आहे.

आवरायचे प्रयत्न आधी तीन वेळा झाले होते आणि तिन्ही फसले. पहिल्यांदा आधी डबे आणले गेले. डबे भरले, सामान तेवढंच राहिलं, फक्त दिसेनासं झालं. दुसऱ्यांदा सगळं रंगानुसार लावलं. ते डोळ्यांना छान वाटलं, पण सुती, सिंथेटिक आणि ताणाचं कापड एकाच थप्पीत गेलं. शिवताना आधी लागतो तो कापडाचा प्रकार, रंग नंतर, त्यामुळे प्रत्येक वेळी थप्पी विस्कटायची. तिसऱ्यांदा सगळं एकाच दिवशी पलंगावर ओतलं. रात्री झोपायला जागा हवी म्हणून ते तसंच कोंबून परत कपाटात गेलं.

तिन्ही वेळा एक गोष्ट झालीच नव्हती: किती आहे आणि किती लागतं, हे कुणी मोजलं नव्हतं.

आधी काटा, मग कात्री

शेकडो तुकडे टेपने मोजत बसलं तर तिथेच दम संपतो. कापड वजनावरून मोजता येतं. बॅग तोलायचा लटकता काटा आणि एक मोठी पिशवी पुरते. कापडाचा एक मीटर किती ग्रॅम भरतो हे ठरतं दोन गोष्टींवर: चौरस मीटरमागे वजन, म्हणजे जीएसएम, आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी. दोन्हींचा गुणाकार केला की मीटरचं वजन मिळतं. जीएसएम माहीत नसेल तर मोजून ठेवलेला एक अख्खा मीटर स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवावा. अगदी लहान चौकोन तोलू नये. १ ग्रॅमच्या फरकाने काटा चुकला तरी १० बाय १० सेंटिमीटरच्या तुकड्यात हिशोब पार कोसळतो, कारण तो तुकडाच जेमतेम १ ते ३ ग्रॅमचा असतो.

इथे कापडाचे चार ढीग केले. पातळ सुती २४ किलो: १२० जीएसएम, पन्हा १.१ मीटर, म्हणजे मीटरला १३२ ग्रॅम, एकूण सुमारे १८२ मीटर. पडद्याचं, कॅनव्हासचं, डेनिमसारखं जाड कापड १३ किलो: ३०० जीएसएम, पन्हा १.४ मीटर, मीटरला ४२० ग्रॅम, एकूण ३१ मीटर. झुळझुळीत सिंथेटिक आणि अस्तर ६ किलो: ८० जीएसएम, पन्हा १.१ मीटर, मीटरला ८८ ग्रॅम, एकूण ६८ मीटर. उरलेले ७ किलो म्हणजे कातरण आणि लहान तुकडे. तुकडे सोडून बेरीज २८१ मीटर.

ढिगातल्या प्रत्येक कापडाचं जीएसएम सारखं नसतं, म्हणून हा आकडा ढोबळ आहे. निर्णयाला तेवढा पुरतो.

दुसरा आकडा वापराचा. गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष शिवून झालेले कपडे कपाटातून काढून मोजले: १४ कपडे, सरासरी सव्वादोन मीटर, म्हणजे साधारण ३२ मीटर, अभ्रे आणि पिशव्यांचे ८ मीटर. वर्षाला ४० मीटर. २८१ भागिले ४० म्हणजे सात वर्षांचं कापड, तेही एक मीटर नवं न आणता.

हा भागाकार या सगळ्या कामाचा कणा आहे. ‘हे ठेवू की देऊ’ असा प्रश्न एकेका कापडाला विचारला तर प्रत्येक कापड ठेवण्यासारखंच असतं. सात वर्षांपैकी किती वर्षं ठेवायची, असं विचारलं की उत्तर देता येतं. इथे मर्यादा दोन वर्षांची ठरवली: ८० मीटर. एका वर्षाच्या साठ्यात रंग आणि पोत यांची निवड फार आखडते. तीन वर्षांच्या पुढे घड्यांच्या रेषा, कसर आणि बदलती मापं आपलं काम करू लागतात.

संपलेलं सामान पहिल्यांदा

कापडाला लगेच हात लावला नाही. सुरुवात केली ती चाचणी करून निकाल लावता येणाऱ्या वस्तूंपासून. त्यात जीव अडकलेला नसतो, निर्णय काही सेकंदांत होतो आणि जागा लगेच मोकळी दिसते. शिवाय खराब इलॅस्टिक किंवा कुजका दोरा कुणाला ‘देऊन’ टाकणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या गळ्यात मारणं. ते आधीच वेगळं झालेलं बरं.

दोरा. रिळं १४०. रिळाचा वरचा थर उजेडात असतो, म्हणून आधी दोनेक मीटर उलगडून सोडायचा. मग ३० सेंटिमीटर दोरा दोन्ही हातांच्या तर्जनींना गुंडाळून सावकाश ताणायचा आणि शेवटी झटका द्यायचा. शेजारी त्याच जाडीचा नवा दोरा ठेवावा, तुलनेशिवाय बोटांना अंदाज येत नाही. चांगला दोरा बोटाला रुततो, मग तुटतो. मेलेला दोरा झटक्याची वाट न पाहता सुटतो. वरचा थर गेलेला आणि आतला शाबूत, असंही होतं; तेव्हा पाच-दहा मीटर काढून परत तपासावं.

हाताने चालणारा दोरा मशीनवर तुटतो, त्याचं कारण आहे. टाक्यात बसण्याआधी दोऱ्याचा तोच भाग सुईच्या नेढ्यातून अनेक वेळा खालीवर घासला जातो. जुना सुती दोरा तिथे पिंजतो, त्याचा भुसा बॉबिन (खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ) बसतं त्या केसभोवती साठतो आणि मग दोष मशीनला दिला जातो. म्हणून संशयातल्या रिळांनी दुहेरी सुती कापडावर २० सेंटिमीटर शिवून पाहिलं. निकाल: ३१ रिळं बाद, १८ फक्त कच्च्या टाक्यासाठी (लवकर तुटणं तिथे सोयीचंच), २६ चांगली पण लागणार नाहीत अशी, ६५ ठेवायची.

इलॅस्टिक. रबर हवेने, उष्णतेने आणि उजेडाने म्हातारं होतं, वापरलं नाही तरी. पट्टीवर पेनाने १० सेंटिमीटरच्या खुणा करायच्या, २० पर्यंत ताणून दहा सेकंद धरायचं, सोडायचं, पुन्हा मोजायचं. साडेदहापर्यंत परत आलं तर चालेल. अकराच्या पुढे राहिलं, ताणताना करकर आवाज आला किंवा बोटाला चिकटलं तर बाद. पुठ्ठ्यावर गुंडाळलेल्या इलॅस्टिकला घडीच्या जागी चिरा जातात. तेवढाच भाग कापून बाकीचं वाचतं. ३८ मीटरपैकी २३ मीटर गेलं. कमरेचं इलॅस्टिक बदलायचं म्हणजे सगळी पट्टी उसवायची, त्यामुळे इथे दयामाया दाखवण्यात अर्थ नाही.

फ्यूजिंग, म्हणजे कॉलर-कफला कडकपणा यावा म्हणून आतून इस्त्रीने चिकटवायचं कापड. इथे सर्वांत जास्त फसगत होते, कारण जुनं फ्यूजिंग दिसायला अगदी नवं असतं. खराब होतो तो त्याच्या एका बाजूचा गोंद. कपाटाच्या सर्वांत वरच्या, तापणाऱ्या खणात ठेवलेल्या गुंडाळीत हे लवकर होतं. १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा सुती कापडावर ठेवून मध्यम गरम इस्त्री १२ सेकंद दाबून धरायची, सरकवायची नाही. पूर्ण गार होऊ द्यायचं. गरम असताना काहीही सुटतं, त्यावरून निकाल लावू नये. मग कोपरा सोलून पाहायचा. चिकटलेला तुकडा एकदा धुऊन, वाळवून पुन्हा बघायचा, कारण कॉलरवरचे फुगे धुतल्यावरच उठतात. साधं शिवायचं बकरम यात मिसळलेलं असेल तर ते चिकटणारच नाही. त्याला गोंदाचे खरखरीत ठिपके नसतात. ९ मीटरपैकी ४ मीटर बाद.

सुया. पाकिटाबाहेरच्या सगळ्या सुया एका भिंगाखाली आल्या. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने सपाट असतो, कारखान्यातल्या मशीनच्या सुईचा गोल. गोल दांड्याच्या सुया या खोलीत निरुपयोगी होत्या. सपाट बाजू काचेवर ठेवून सुई आडवी धरली की खालची फट टोकापर्यंत सारखी दिसायला हवी, नाहीतर सुई वाकलेली आहे. ७५/११, ९०/१४, १००/१६ या आकड्यांतला पहिला म्हणजे सुईची जाडी शंभराने भागून मिलिमीटरमध्ये. ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर. आकडा वाचता येत नसलेली आणि वापरलेली सुई ठेवून काही साधत नाही. बोथट सुई कापडाचा धागा ओढते आणि टाके सोडते. टाकाऊ सुया, गंजलेल्या टाचण्या आणि ब्लेडं झाकण घट्ट बसणाऱ्या कडक डब्यात, डब्याला चिकटपट्टी, वर ‘धारदार’ असं लिहून.

बॉबिनची भानगड वेगळी. एका डब्यात दोन मशीनची बॉबिनं एकत्र होती. क्लास १५ आणि एल या बॉबिनच्या दोन्ही प्रकारांचा व्यास जवळजवळ सारखाच, पण उंची सुमारे ११.७ आणि ८.९ मिलिमीटर. वरून पाहून फरक कळत नाही. टेबलावर उभी शेजारी ठेवली की कळतो. चुकीचं बॉबिन बसल्यासारखं वाटतं आणि मग खाली दोऱ्याचं जाळं होतं.

बटणांच्या डब्यात एक धोका लपलेला असतो. जुनी सेल्युलॉइडची बटणं कुजायला लागली की आम्ल सोडतात. ती धुरकट, चिकट, तडकलेली दिसतात आणि शेजारचे धातूचे हूक गंजतात. अशी बटणं डब्यातून लगेच वेगळी करावीत आणि हवाबंद ठेवू नयेत. ती पटकन पेटही घेतात. उरलेल्या बटणांची साधी पारख: एका कपड्याला पुरेल इतकी सारखी आहेत का? पूर्ण बाहीच्या शर्टला पुढे सात, कफला दोन आणि एक जादा धरलं तर दहा लागतात. सुटी बटणं मूठभर ठेवावीत, किलोभर नको.

कापड

कापडाची पहिली पारखही चाचणीनेच. घडी उलगडून उजेडासमोर धरायची. टाचणीएवढी भोकं दिसली की कसर किंवा अळी. मग घडीच्या रेषेवर दोन्ही अंगठे जवळ ठेवून उभं आणि आडवं, दोन्हीकडे जोराने ओढायचं. जुनं रेशीम इथे चरकन फाटतं. घडीची रेषा विटलेली असेल तर कापड मजबूत असूनही मधोमध फिकट पट्टा राहतो, आणि तो टाळून कापायचं तर तीन मीटरच्या तुकड्यातून एक मीटरच्या तुकड्याइतकंच काम होतं. असं कापड ट्रायलसाठी, म्हणजे माप पाहायला आधी कच्चा कपडा शिवण्यासाठी, उत्तम. लाकडी फळीला टेकलेल्या बाजूवर पिवळे डाग होते. लाकडातलं आम्ल ते करतं. दमट वासाच्या दोन थप्प्या बाकीच्यांपासून ताबडतोब दूर नेल्या. बुरशीचं कापड धुऊन स्वतः वापरता येईल, पण दुसऱ्याला द्यायचं नाही.

कोणता धागा आहे हे माहीत नसलेल्या कापडांची जाळून चाचणी केली: दोन-तीन सेंटिमीटरचे सुटे धागे, चिमटा, धातूची थाळी, शेजारी पाणी, उघडी खिडकी. सुती आणि रेयॉन कागदासारखे जळतात, मऊ राख राहते. लोकर आणि रेशमाला केस जळल्याचा वास येतो, काळी गोळी बोटाने चुरडते. पॉलिएस्टर वितळतं, थेंब गार झाल्यावर कडक मणी राहतो. मिश्र कापडात दोन्ही लक्षणं एकदम दिसतात. इतकी खटपट कशासाठी? कारण ‘कसलं आहे ठाऊक नाही’ असं कापड घ्यायला कुणी तयार नसतं, आणि घरात ते इस्त्रीच्या भीतीने वर्षानुवर्षं पडून राहतं.

लोकरीच्या एका पिशवीत अळीच्या कोषांचे अवशेष सापडले. सुती कापडाला ती अळी सहसा तोंड लावत नाही, पण लोकर, रेशीम आणि पिसं तिचं अन्न आहे. पिशवी घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे, आणि बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर बाष्प कापडावर बसतं.

इथपर्यंत १७ मीटर बाद आणि २४ मीटर ट्रायलसाठी वेगळं झालं. उरलं २४० मीटर चांगलं कापड. अवघड भाग आता सुरू झाला.

चांगलं कापड सुटत नाही, यात लाजण्यासारखं काही नाही. डॅनियल कानेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कॉफीचे साधे मग काही जणांना दिले आणि काहींना नाही. हातात मग असलेल्यांनी विकायला मागितलेली किंमत, नसलेल्यांनी मोजायची तयारी दाखवलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. हे काही मिनिटांपूर्वी मिळालेल्या मगचं. दहा वर्षं कपाटात असलेल्या कापडाचं काय होत असेल! म्हणून प्रश्न उलटा केला: हे कापड आज समोर विकायला आलं, तर आजच्या किमतीला घ्याल का, आणि त्याचं काय शिवाल? दुसऱ्या प्रश्नाला कपड्याचं नाव आणि कुणासाठी, एवढं उत्तर हवं. ‘काहीतरी होईल’ हे उत्तर धरलं नाही.

उत्तर आलेल्या कापडाची लांबी लगेच मोजली, आणि इथे बरीच नावं गळाली. सुती कापड धुतल्यावर ३ ते ५ टक्के आटू शकतं, सैल विणीचं त्याहून जास्त. अडीच मीटरची गरज असेल तर अडीच मीटरचं न धुतलेलं कापड अपुरं ठरतं. मुलीच्या फ्रॉकसाठी घेतलेल्या सव्वा मीटरमध्ये आता तिची बाहीसुद्धा निघत नव्हती. ते कापड वाईट नव्हतं. त्याची वेळ टळून गेली होती.

काही कापडांना हा प्रश्न लावूच नये. आठवणीचं म्हणून जपलेलं जे आहे, त्याला एक ठरलेला डबा दिला, ४० बाय ३० बाय २० सेंटिमीटरचा. डब्यात मावेल ते निर्विवाद राहील. याने वाद संपतो आणि तिथल्या वस्तूंवर पुन्हा पुन्हा हात फिरवून मन दमत नाही.

राहिलं ९४ मीटर. मर्यादा ८० होती; १४ मीटर जास्त का, ते पुढे येतंच. १४६ मीटर बाहेर जायला निघालं.

लहान तुकड्यांसाठी एकच नियम: १० सेंटिमीटरचा चौकोन किंवा ५ सेंटिमीटर रुंदीची ३० सेंटिमीटर पट्टी निघाली तर जोडकामाला, नाहीतर नाही. ७ किलोतून दीड किलो राहिलं. चार किलो पुसणी आणि भरावासाठी गेलं, दीड किलो टाकाऊ. भरावात चिंध्या घालताना ध्यानात असावं की त्या गोळा होतात आणि उशी दगडासारखी जड होते. बसायच्या गादीला चालतात, डोक्याखाली नाही. आणि चिंध्यांच्या पिशवीवरून चुंबक फिरवल्याशिवाय ती कुणाला देऊ नये, टाचण्या निघतातच.

अर्धवट कामं

अशी १७ निघाली. यांची अडचण कापडापेक्षा वेगळी आहे: प्रत्येकात घातलेले तास डोळ्यांपुढे येतात. पण ते तास पूर्ण केलं तरी परत येत नाहीत आणि सोडलं तरी नाहीत. हिशोबात फक्त पुढचे तास धरायचे. प्रत्येक कामावर चिठ्ठी लावली: किती तास बाकी, आज मापात बसेल का, पूर्ण झाल्यावर वापरणारं कोण. चार कामं पूर्ण करायची ठरली. सहा उसवून कापड, चेन आणि बटणं परत घेतली. पाच दुसऱ्यांनी पुरी करावीत म्हणून सामानासह दिली, दोन टाकली.

ठेवलेल्या चारांना पारदर्शक पिशवी आणि आत एक कागद: पॅटर्न कोणता, शिवणीसाठी सोडलेली रुंदी किती, सुईचा नंबर, टाक्याची लांबी, आणि पुढची पायरी एका वाक्यात. ‘डावी बाही जोडायची, झोल मागच्या बाजूला’ एवढं लिहिलेलं असलं की सहा महिन्यांनीही काम उचलता येतं. काम अडतं ते बहुतेक वेळा कुठे थांबलो होतो हे आठवत नाही म्हणून.

कागदी पॅटर्नचं काम पटकन झालं. छातीचं आणि कमरेचं आजचं माप घेऊन न जुळणारे वेगळे केले, उरलेल्यांचे तुकडे यादीशी ताडले. एक भाग हरवलेला पॅटर्न फेकला.

सोडलेले छंद आणि जुनं मशीन

फॅब्रिक पेंटच्या बाटल्या काठीने ढवळून पाहिल्या; गुठळ्या फुटत नसतील किंवा आंबूस वास असेल तर बाद. स्प्रेचे डबे भरलेले असोत वा अर्धे, साध्या कचऱ्यात जाऊ नयेत. ते घातक कचऱ्याबरोबर द्यायचे आणि भोक पाडायचं नाही. भरतकामाच्या लड्या, रिंगा, क्रोशेच्या सुया चांगल्या होत्या. त्या सुट्या न देता संच केले: लड्या, कापड, रिंग, सुया एका पिशवीत. सुटी लड कुणी मागत नाही, संच मात्र लगेच उचलला जातो, कारण घेणाऱ्याला त्यातून काय करायचं ते दिसतं.

जुनं मशीन द्यायचं म्हणजे आधी ते चालतं हे दाखवणं. बरीच वर्षं बंद मशीनमध्ये तेल सुकून डिंकासारखं होतं. प्लग लावायच्या आधी हातचाक हाताने फिरवून पाहायचं. जड असेल तर जोर करू नये. मोटर लावून फिरवण्याचा प्रयत्न तर अजिबात नको, पट्टा घसरतो किंवा मोटर तापते. हलणाऱ्या प्रत्येक जोडावर शिलाई मशीनच्या रंगहीन तेलाचा एक-एक थेंब, रात्रभर थांबायचं, पुन्हा हाताने फिरवायचं. स्वयंपाकाचं तेल घातलं तर हेच दुखणं दुप्पट होऊन येतं. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखालचा भुसा ब्रशने काढायचा, फुंकर मारून नाही. फुंकरीने तो आत जातो. वायरचं आवरण तडकलेलं होतं, ते बदलून घेतलं. मग दुहेरी कापडावर २० सेंटिमीटर शिवून तो नमुना मशीनलाच बांधला आणि सुई व बॉबिनचा प्रकार चिठ्ठीवर लिहिला.

बाहेर पाठवताना काय चुकलं

दोन गोष्टी बिघडल्या. पहिली: देण्याच्या पिशव्या दाराशी उभ्या राहिल्या, रोज दिसत होत्या, आणि पंधरवड्यात त्यातून सहा कापडं परत कपाटात गेली. १४ जादा मीटर आले ते इथूनच. पिशवी बांधल्यावर तोंड शिवून टाकायचं आणि ती जाण्याची तारीख व नेणारी व्यक्ती आधी ठरवायची. मगच पुढचा ढीग फोडायचा.

दुसरी: मॅचिंग अस्तर, चेन आणि दोरा आपापल्या ढिगांतून वेगवेगळे निवडले गेले. ठेवलेल्या एका गर्द जांभळ्या कापडाचं अस्तर निघून गेलं आणि कापड तसंच राहिलं. कापडाचा निर्णय होताना त्याचं सामान त्याच्याच घडीत टाचून ठेवलं असतं तर हे झालं नसतं. म्हणजे दोरे आणि चेनी यांची पारख आधी करावी, पण त्यांतलं काय द्यायचं हे कापडानंतर ठरवावं.

बाकीची पाठवणी सुरळीत झाली, कारण आधी विचारलं. शिवण शिकवणाऱ्या वर्गांना दोन मीटरच्या आतलं साधं सुती आणि चेनी हव्या असतात. नाटकाच्या कपडेपटाला झुळझुळीत, चमकदार, रुंद पन्ह्याचं कापड उपयोगी पडतं. जनावरांच्या आसऱ्याला जुन्या चादरींसारखे मोठे सुती तुकडे चालतात, पण दोरे लोंबणारे किंवा बटणं लागलेले नाहीत. ते गिळले जातात. प्रत्येक कापडाला चिठ्ठी: धागा, लांबी, पन्हा, धुतलेलं की नाही. ही चिठ्ठी लावायला वेळ लागतो, आणि तीच नसेल तर मदत म्हणून दिलेली पिशवी घेणाऱ्याच्या कोपऱ्यात तशीच पडून राहते.

लावणी

डबे आता आले, सगळ्यांत शेवटी, उरलेल्या सामानाचं माप घेऊन. कापडाच्या घड्या २० बाय २८ सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर घालून उभ्या ठेवल्या, पुस्तकांसारख्या. मधलं काढताना थप्पी कोसळत नाही. पातळ सुतीचा एक मीटर असा घडी घातला की साधारण एक सेंटिमीटर जाडी होते, त्यामुळे खणाकडे पाहूनच साठा कळतो. आधी प्रकार, प्रकारात लांबी, शेवटी रंग. धुतलेल्या कापडाच्या कापलेल्या कडांना झिगझॅग टाका घातला, म्हणजे धुतलं की नाही हे न उलगडता समजतं. लाकडी फळ्यांवर आम्लरहित कागद. हवाबंद डब्यात कापड ठेवायचं तर ते पूर्ण कोरडं हवं. दोरे उजेडापासून दूर, खणात.

कटिंग टेबल मोकळं झालं आणि त्याचे पाय उंचावून ते ९० सेंटिमीटरवर आणलं. मशीनचं टेबल ७२ वरच आहे. बसून शिवायला ते ठीक, पण त्या उंचीवर उभं राहून कापलं की कंबर धरते. टेबलावर रात्री कात्री, मेजपट्टी आणि वजनं यांखेरीज काही राहणार नाही, एवढा एक नियम.

आवक रोखायला कपाटाच्या दाराच्या आत एक वही टांगली आहे. आलेले मीटर एका रकान्यात, शिवून संपलेले दुसऱ्यात. दर तीन महिन्यांनी वजाबाकी. आलेले जास्त असतील तर फरक निघेपर्यंत नवं कापड नाही.

एक ढीग अजून सुटलेला नाही: जाड कापडाचं १२ मीटर. पडद्याच्या अर्ध्यामुर्ध्या तुकड्यांना घेणारं कुणी मिळालं नाही. त्याच्या पिशव्या शिवायचं ठरलंय. १.४ मीटर पन्ह्यातून ४५ सेंटिमीटर लांबी कापली तर ४० सेंटिमीटर रुंद पिशवीच्या पुढच्या-मागच्या बाजू आणि बंदांसाठी पट्ट्या निघतात. १२ मीटरला २६ पिशव्या. १००/१६ नंबरची सुई, टाक्याची लांबी ३ मिलिमीटर, बंदांच्या जोडाला चौकोन आणि आत फुली. पहिल्या सहा कापून टेबलावर ठेवल्या आहेत.